चकती बसवतानाच ठरतं

सात इंची कटिंगची चकती पाच इंची ग्राइंडरला बसते. दोन्हींचं मधलं भोक एकाच मापाचं, २२.२३ मिलिमीटर. आडवा येतो तो फक्त गार्ड, म्हणजे चकतीवरचं झाकण. तो ढिला करून बाजूला ठेवला की चकती चढते, नट आवळला जातो, मशीन फिरतं आणि लोखंड कापलंही जातं. एकदा कापलं गेलं की मग ते रोजचंच होऊन बसतं.

त्या चकतीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं: १८० मिमी, जास्तीत जास्त ८,५०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे. पाच इंची ग्राइंडर मोकळा फिरतो तो साधारण ११,००० आरपीएमनं. बहुतेक कटिंग चकत्यांची कड सेकंदाला ८० मीटरपर्यंतच्या वेगासाठी बनवलेली असते, म्हणजे ताशी २८८ किलोमीटर. ही जोडी जमवली की कडेचा वेग सेकंदाला १०४ मीटरवर जातो. वेग वाढला तीस टक्के. पण चकतीला आतून फाडणारा ताण वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे तो वाढला जवळजवळ सत्तर टक्के. हे गणित मी माझ्या शेडमधल्या पोरांना पत्र्यावर खडूनं मांडून दाखवतो. पोरं मान हलवतात. मग मी बाही वर करून डावा हात दाखवतो, तेव्हा ती खरी ऐकायला लागतात.

हाताला हे झालं त्या वेळी मी कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फाउंड्रीत फेटलिंगला होतो. ओतकामातून निघालेल्या कास्टिंगचे रनर आणि रायझर, म्हणजे ओतताना राहिलेले जास्तीचे भाग, कापायचे, कडेला आलेली पत्री घासून काढायची, चिकटलेली वाळू साफ करायची, हे फेटलिंगचं काम. माझ्याकडे तपासणी होती. हातात खडू घेऊन कुठं हवेनं पडलेलं छिद्र म्हणजे ब्लोहोल आहे, कुठं घासायचं राहिलंय, त्यावर खुणा करत फिरायचं. त्या दिवशी पंपाच्या बॉडीचा लॉट संध्याकाळच्या गाडीनं जायचा होता आणि सात इंची मशीन रिवायंडिंगला गेलं होतं. पाच इंची चकती रायझरच्या मानेत पुरेशी खोल जात नव्हती. कुणीतरी म्हणालं, "गार्ड काढ की रं, सातची बसतीय त्याला." बसली. दोन-तीन बॉडी झाल्यासुद्धा.

चकती फुटताना मोठा आवाज होईल असं वाटतं. मला तरी तसा आठवत नाही. मशीनचा सूर एकदम चढला, टप् झालं, आणि हातातला खडू खाली पडलेला दिसला. मनगटाच्या चार बोटं वर कातडी उघडी झाली होती. एक तुकडा छताच्या सिमेंट पत्र्यातून आरपार गेला होता. ज्यानं मशीन धरलं होतं त्याच्या अंगावर ओरखडा नव्हता. तो चकतीच्या बाजूला होता. मी दोन-तीन हात लांब होतो, पण बरोबर चकतीच्या रेषेत. कंडरा तुटल्या होत्या, त्या शिवल्या. जखम भरली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र अजून पूर्ण मिटत नाहीत. भरलेली बादली डाव्या हातानं उचलली की कडी निसटते.

पुढं मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात स्वतःची छोटी फॅब्रिकेशनची शेड टाकली. गेट, ग्रिल, शेडचे ट्रस, उसाच्या ट्रॉलीची दुरुस्ती, असली कामं. ग्राइंडर सोडून जगता येत नाही, तेव्हा त्याच्याशी कसं वागायचं ते शिकत गेलो. आजूबाजूच्या शेडमध्ये झालेले अपघातही बघत गेलो. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. मशीन चालू असताना माणूस बऱ्यापैकी सावध असतो, कारण आवाज आणि ठिणग्या त्याला सावध ठेवतात. ढिलाई होते ती बटण दाबायच्या आधीच्या दोन मिनिटांत. कुठली चकती उचलली, गार्ड आहे का, माल कसा टेकवला, आजूबाजूला काय आणि कोण आहे. अपघात तिथंच ठरतो. मशीन सुरू झाल्यावर तो फक्त घडतो.

म्हणून आधी चकती वाचायची. व्यास, भोक, जाडी आणि आरपीएम. नियम सोपा आहे: चकतीवरचा आरपीएम मशीनच्या पट्टीवरच्या आरपीएमइतका किंवा त्याहून जास्तच हवा. चार इंची चकतीवर १५,००० च्या पुढं आकडा असतो, पाचवर १२,२०० च्या आसपास, नऊ इंचीवर ६,६५०, आणि चॉप-सॉच्या चौदा इंचीवर जेमतेम ४,३००. चकती जेवढी मोठी तेवढा तिचा आकडा लहान, हे एकदा डोक्यात बसलं की चूक होत नाही. झिजून लहान झालेली नऊची चकती सातच्या मशीनला लावायची काटकसरही त्यामुळंच करायची नाही. भोक मोठं असेल तर वायसर, टेप किंवा पुठ्ठा गुंडाळून बसवणं हा तर आत्मघात. केंद्र जरा जरी हललं तरी चकती थरथरते, आणि थरथरणारी चकती फार वेळ टिकत नाही.

चकतीच्या मधल्या पत्र्याच्या कडीवर आणखी एक गोष्ट कोरलेली असते, जी आमच्या भागात फार कमी लोक बघतात: मुदत. महिना आणि वर्ष. कटिंगची चकती म्हणजे अपघर्षक दाणे, त्यांना धरणारं रेझिन आणि आत काचतंतूंची जाळी. हे रेझिन म्हातारं होतं, ओल धरतं. साधारणपणे बनवल्यापासून तीन वर्षं तिचं आयुष्य धरतात, मग ती खोक्यात बंद का असेना.

ओलीचा विषय कोल्हापुरात जरा जास्तच गंभीर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट. शिरोलीपाशी महामार्गच पाण्याखाली होता. पाणी ओसरल्यावर महिनाभर सगळीकडं पुराचा माल स्वस्तात फिरत होता. माझ्याकडंही एक जण चकत्यांचा खोका घेऊन आला. "वाळवल्यात भावा, कडकडीत उन्हात वाळवल्यात. निम्म्या दरात देतो." दिसायला चकत्या चांगल्या होत्या. पण पाणी प्यालेलं रेझिन वाळल्यावर पहिल्यासारखं होत नाही, आणि आतलं दुबळेपण वरून दिसत नाही. मी घेतल्या नाहीत. त्यानं त्या पुढं कुठं खपवल्या ते मला ठाऊक नाही, आणि तेच मला जास्त खटकतं. पूर नसला तरी आमचा पावसाळा चकत्यांना पुरेसा आहे. जमिनीवर, भिंतीला टेकून, गोणपाटाखाली त्या ठेवू नयेत. कोरड्या कपाटात, सपाट, वर जड वस्तू न ठेवता ठेवाव्यात. हातातून फरशीवर पडलेली चकती मी सरळ मोडून टाकतो. पोरं हळहळतात, पण नवी चकती चहा-भज्यांच्या पैशात येते.

एक जुनी पद्धत अजून सांगितली जाते: चकती बोटावर लटकवून लाकडानं वाजवायची, खणखणीत वाजली तर चांगली. ही परीक्षा पेडस्टल ग्राइंडरच्या दगडाची आहे, भट्टीत भाजलेल्या चाकाची. रेझिनच्या पातळ चकतीला ती लागू पडत नाही. ती चांगली असली तरी बद्दच वाजते. तिला डोळ्यांनी बघायचं: कड उडाली आहे का, जाळी सुटली आहे का, वाकली आहे का. मग बसवून, मशीन अंगापासून आणि माणसांपासून दूर वळवून, अर्धा-एक मिनिट मोकळं फिरवायचं. फुटायची असेल तर बहुधा तेव्हाच फुटते, आणि तेव्हा तिच्या रेषेत कुणी नसतं.

आता गार्ड. या एका पत्र्यावर मी जितके वाद घातलेत तितके पैशावरून घातले नसतील. "दिसत न्हाय हो, शेठ." "कोपऱ्यात शिरत न्हाय." "ठिणग्या उलट हातावर येत्यात." तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. आणि तिन्हींवर उपाय आहे. दिसत नसेल तर गार्ड फिरवून घ्यायचा. तो फिरवण्यासाठीच असतो, त्याची बंद बाजू आपल्याकडं आली की झालं. कोपऱ्यात शिरत नसेल तर ते काम त्या मशीनचं नाही. तिथं हॅकसॉ, जिगसॉ किंवा लहान डाय-ग्राइंडर घ्यावा, नाहीतर जोडणी करायच्या आधीच कापून घ्यावं. ठिणग्या हातावर येत असतील तर चामडी हातमोजा घालावा. बाजारात कटिंगसाठी दोन्ही बाजूंनी झाकणारा वेगळा गार्ड मिळतो. मशीनसोबत येतो तो बहुधा घासण्याचा, एका बाजूनं उघडा. फार थोड्यांना हे माहीत असतं. जुना ग्राइंडर विकत घेताना गार्ड आणि बाजूचा दांडा मागून घ्यावा. नसेल तर तो सुटा मिळेल याची खात्री झाल्याशिवाय मशीन घेऊ नये. दांडा नसलेलं मशीन एका हातानं चालवावं लागतं, आणि ग्राइंडर हे एका हाताचं मशीन नव्हेच.

इथं एक आडवळण घेतो. कोल्हापूरचा यंत्रधंदा उभा राहिला तो म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या माणसांमुळं. परदेशी यंत्र खोलायचं, बघायचं आणि तसंच इथं घडवायचं, ही त्यांची रीत. शाळा फारशी नसलेल्या हातांनी इंजिनं बनवली याचा आम्हाला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण "बसतंय की" हा आमचा शब्द त्याच अभिमानातून येतो. ते मेस्त्री माप घेतल्याशिवाय काही बसवत नव्हते, हे आम्ही विसरतो. त्यांच्या जुगाडामागं कॅलिपर होता. आमच्या जुगाडामागं संध्याकाळची गाडी असते.

चकती फुटण्यानंतरचं दुसरं मोठं संकट म्हणजे किक. पोरं म्हणतात, "मशिननं किक मारली." कापता कापता चकती फटीत अडकते, क्षणभर थांबते, आणि तिच्यातली सगळी फिरकी मशीनला उलटं फेकते. मशीन मांडीकडं, पोटाकडं किंवा तोंडाकडं येतं. याचं कारण बहुतेक वेळा माल टेकवण्यात असतं. चौकोनी पाइप दोन्ही टोकांना घोड्यांवर ठेवून मधोमध कापायला घेतला की तो कापत जाईल तसा खाली झुकतो, फट वरून मिटते आणि चकतीला चावते. त्याऐवजी जो तुकडा पडायचा आहे तो मोकळा लटकू द्यावा. मग कापत जाईल तशी फट उघडते. लांब अँगल असेल तर कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना, पण जवळच, आधार द्यावा. माल पायाखाली दाबून कापण्याची सवय तर आमच्या सगळ्या फिटरांना आहे. सी-क्लॅम्प किंवा वाइस लावायला अर्धं मिनिट लागतं. चकती लागण्याच्या आधी मशीन पूर्ण वेगात यावं. आत गेल्यावर तिला तिरकं करू नये, रेटू नये, वाकडी रेघ सरळ करायला पिळू नये. मशीनचं वजन पुरतं. कटिंगच्या पातळ चकतीच्या बाजूनं वेल्ड घासणं हा प्रकार दिसला की मी मशीनची पिन काढतो. एक मिलिमीटर जाडीच्या चकतीला बाजूचा दाब सहन होत नाही. घासायला जाड चकती वेगळी असते, आणि चकती बदलायला लागणारा वेळ हा कामाचाच वेळ आहे. चकती बदलतानाही पिन काढलेलीच हवी. बटण बंद आहे, एवढ्यावर विसंबू नये.

आणखी एक गोष्ट दिसते ती मात्र मला भीती घालते. सुतारकामाचं दातेरी गोल पातं चार इंची ग्राइंडरला लावून प्लायवूड कापणारी पोरं. दात लाकडात रुतला की मशीन हातात राहत नाही, आणि ते पातं काचेच्या जाळीच्या चकतीसारखं घासत नाही, ओढत जातं. यावर मी उपाय सांगत नाही, कारण सुरक्षित उपाय नाही. लाकडाला सर्क्युलर सॉ आहे. नसेल तर हातकरवत आहे.

अंगावर काय असावं, याबद्दल लोक हातमोज्यापासून सुरुवात करतात. मी गळ्यापासून करतो. गळ्यातला टॉवेल, लोंबणारी साखळी, सैल बाही, हातातला गंडा, शर्टाची बाहेर काढलेली कड, फिरतं मशीन आधी यांनाच धरतं. विणलेले सुती हातमोजेही तसेच. त्यांचा धागा निघतो आणि बोटासकट जातो. घट्ट बसणारे चामडी हातमोजे चालतात. पायात बूट. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आम्हाला आनंद झाला. पण ती घालून फेटलिंगला उभं राहणारा माणूस बघितला की मला ठिणगीपेक्षा त्याच्या बोटांवर पडणाऱ्या तुकड्याची काळजी वाटते.

डोळ्यांचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण शेडमधला सगळ्यात नेहमीचा अपघात हाच आणि सगळ्यात हलक्यात घेतला जातो तोही हाच. नंबरचा चष्मा संरक्षण नव्हे. बाजूनं उघडा असतो. बाजू झाकणारा गॉगल आधी आणि त्यावर चेहरा झाकणारी पारदर्शक शील्ड, अशी दोन्ही हवीत. शील्ड एकटीच असेल तर ठिणगी हनुवटीखालून वर येते. गॉगलच्या काडीवर किंवा काचेवर ईएन १६६ असा शिक्का असेल तर तो डोळ्यांच्या संरक्षणाच्या मानकाची परीक्षा दिलेला असतो.

आणि एवढं करूनही डोळ्यात कण गेलाच तर? प्रत्येक शेडमध्ये एक "डोळ्यातलं काढणारा" असतो. रुमालाचं टोक ओलं करून, नाहीतर आगपेटीच्या काडीनं तो बुबुळावरून कण टिपतो. हे चालू देऊ नका. ग्राइंडरचा कण तापलेला असतो आणि बुबुळाच्या वरच्या थरात रुतून बसतो. काडीनं कण निघाला तरी लोखंड तिथं गंज सोडतं, कणाच्या भोवती तांबूस वर्तुळ धरतं आणि ते डॉक्टरलाच सूक्ष्मदर्शकाखाली काढावं लागतं. चोळायचं नाही. स्वच्छ पाण्यानं धुवायचं. तेवढ्यानं गेला तर ठीक. खुपत राहिला, डोळा लाल झाला किंवा धूसर दिसायला लागलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडं. आणि तुकडा डोळ्यात घुसलाय असा नुसता संशय असला तरी धुवायचंही नाही, दाबायचंही नाही. वरून कागदी कप उलटा धरून झाकायचं आणि लगेच निघायचं.

धुळीबद्दल फाउंड्रीवाल्यांना सांगावं लागू नये, पण लागतं. कास्टिंगवर चिकटलेली वाळू म्हणजे सिलिका. ती घासताना जी धूळ दिसते ती नाकात अडकते. जी दिसत नाही ती फुप्फुसात खोल जाते आणि तिथंच राहते. सिलिकोसिसला उलट फिरवणारं औषध नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यानंच त्याला सरकारला कळवायच्या रोगांत घातलं होतं. बांधकामावर ग्रॅनाइट, काँक्रीट, टाइल कोरडी कापणाऱ्यांनाही हेच लागू आहे, आणि त्यांना तर कुणी सांगतही नाही. तोंडाला बांधलेला रुमाल फक्त मनाचं समाधान करतो. एन-९५ मास्क, नीट घट्ट बसवलेला, हा किमान उपाय. त्याहून चांगलं म्हणजे दगड पाण्याबरोबर कापणं आणि लोखंडाला धूळ ओढणारी यंत्रणा. पाणी आलं की विजेचा धोका आला. तेव्हा पाण्यावर चालण्यासाठी बनवलेलंच मशीन घ्यावं, आणि बोर्डावर गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असल्याशिवाय ओलं कटिंग करू नये.

ठिणग्यांनी लागणाऱ्या आगी अनेकदा काम संपल्यावर लागतात. गुऱ्हाळघरावर काहिलीचा आधार किंवा घाण्याचा अँगल दुरुस्त करायला गेलो की मी आधी चुलवाणाजवळचं चिपाड बघतो. वाळलेल्या चिपाडात शिरलेली ठिणगी लगेच पेटत नाही, धुमसत राहते. ढीग हलवता येत नसेल तर आडोशाला पत्रा लावायचा, बाजूची जमीन भिजवायची, आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास तिथंच थांबायचं. चहा तिथंच घ्यावा. बॅटरी चार्ज होत असेल, रंगाचा थिनर उघडा असेल, तिथं कटिंग नाही.

आणि पिंप. गुरांना पाणी पाजायला, शेगडी करायला, लोक जुनं पिंप घेऊन येतात: "मधनं कापून द्या." रिकामं पिंप भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याचं असतं, कारण आत द्रव नसला तरी वाफ असते, आणि वाफच पेट घेते. थिनर, डिझेल, रसायन, कशाचं होतं हे माहीत नसेल तर मी पिंप परत देतो. झाकण उघडलंय, धुतलंय, वास येत नाही, असं सांगितलं तरीही. पिंप कापताना माणसं मेली आहेत, धुतलेल्या पिंपांनीसुद्धा.

लाईट जाणं हाही अपघातच असतो. बटण अडकवून ठेवायची सोय, लॉक, बऱ्याच मशीनला असते. काम चालू असताना लाईट गेली की माणूस मशीन तसंच फरशीवर ठेवतो आणि बाहेर जातो. लाईट परत येते तेव्हा मशीन जमिनीवर एकटंच नाचायला लागतं. लाईट गेली की आधी बटण सोडायचं, मग पिन काढायची. नवं मशीन घेत असाल तर दाबून धरावं लागणाऱ्या बटणाचं घ्यावं. हात सुटला की ते बंद होतं. आणि बंद केल्यावरही चकती काही सेकंद फिरत असते, ती थांबेपर्यंत मशीन हातातच राहू द्यावं.

कायद्याचं बोलायचं तर, १९४८ च्या कायद्याच्या कलम ३० मध्येच होतं की प्रत्येक ग्राइंडिंग मशीनपाशी चाकाचा जास्तीत जास्त सुरक्षित वेग लिहिलेली पाटी असावी, आणि कलम ३५ मध्ये डोळ्यांच्या संरक्षणाचं. पण चार-पाच माणसांच्या शेडला तो कायदा लागूच होत नव्हता, आणि कोल्हापुरात गर्दी अशाच शेडांची आहे. तिथं निरीक्षक येत नाही. म्हणून मी पाटी स्वतःच लावली आहे, मशीनच्या खुंटीवर, ऑइलपेंटनं: मशीनचा आरपीएम, चकतीचं माप, गार्डाशिवाय बंद. नवा मुलगा आला की पहिला आठवडा त्याला कापायला देत नाही. चकत्या वाचायला, टेकवायला आणि रेषेबाहेर उभं राहायला शिकवतो. त्याला हे रटाळ वाटतं, आणि त्याच्या वडिलांना वाटतं मी काम शिकवतच नाही.

बोट तुटलं तर काय करायचं, हेही त्या पाटीखाली लिहिलं आहे, कारण तेव्हा कुणाला काही सुचत नाही. आधी मशीनची पिन. जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात छातीच्या वर. हळद, चुना, ग्रीस काही नाही. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फात टाकलं तर पेशी गोठतात आणि जोडता येत नाही. १०८ ला फोन, नाहीतर ज्याची गाडी हाताशी असेल त्यानं न्यायचं, आणि तो भाग पेशंटच्याच बरोबर जायला हवा. शेडच्या फ्रीजमध्ये राहून गेलेला मी ऐकला आहे.

शेडशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्याही दारात ग्राइंडर येतोच, ग्रिल किंवा जिन्याचं रेलिंग बसवायला माणूस आला की. त्याला पाणी विचारता तसं गॉगल आणि गार्ड आहे का तेही विचारावं. नसेल तर त्याला राग आला तरी थांबवावं. पोरांना आत घ्यावं, आणि चकतीच्या सरळ रेषेत, पुढं-मागं कुणी उभं राहू नये. गॅसची टाकी, पेट्रोलची गाडी, वाळत घातलेले कपडे हलवावेत. खिडक्यांच्या काचांवर आणि शेजाऱ्याच्या कारच्या काचेवर जुनी ताडपत्री टाकावी. तापलेले कण काचेत वितळून बसतात, काळे ठिपके कशानंही निघत नाहीत, आणि नव्या फरशीवर पडलेले कण पहिल्या पावसात गंजून तांबडे डाग पाडतात. तो खर्च मग ग्रिलवाल्यानं द्यायचा की घरमालकानं, यावरून गल्लीत दोन-दोन महिने बोलणं बंद झालेलं मी बघितलं आहे.